टेबलावरचे काम तळहातावर येते तेव्हा

आपल्या देशातील संगणकीकरणाचा एक मोठा टप्पा फारसा गाजावाजा न होता पार पडतो आहे. आधी कचेऱ्या, बँका आणि पेढ्यांतील कामे कागदावरून टेबलावरच्या संगणकावर आली. आता तीच कामे टेबलावरून उठून मोबाइलच्या पडद्यावर जात आहेत. सरकारी भाषणांत याला सुलभीकरण म्हटले जाते आणि जाहिरातींत व्यवसाय मुठीत आल्याचे सांगितले जाते. दोन्ही वर्णनांमागे एकच गृहीत आहे. काम तेच आहे, करणारा माणूसही तोच आहे, पडदा तेवढा लहान झाला! गेली काही वर्षे तिरुपूर, लुधियाना, मोरबी अशा उद्योगनगरांत आणि काही खेड्यांत मी हे स्थलांतर पाहत आलो आहे आणि हे गृहीत मला मुळीच मान्य नाही. पडदा लहान होतो तेव्हा काम करणारा माणूस बदलतो, त्या कामाचा खर्च कुणाच्या खिशातून जातो ते बदलते आणि चूक झाली तर जाब कुणाला विचारला जाईल, तेही बदलते.

टॅलीचे उदाहरण घेऊ. श्यामसुंदर गोएंका हे दक्षिण आणि पूर्व भारतातील गिरण्यांना कच्चा माल व यंत्रांचे सुटे भाग पुरवीत. स्वतःच्या व्यवसायाचे हिशेब नीट ठेवील अशी प्रणाली मिळेना, तेव्हा त्यांनी गणिताचे पदवीधर असलेले पुत्र भरत यांना ती लिहायला सांगितले. १९८६ मध्ये बेंगळुरूत त्या व्यवसायाचा आरंभ झाला. त्या काळच्या इतर प्रणालींत प्रत्येक खात्याला सांकेतिक क्रमांक द्यावा लागे. टॅलीने खात्याचे नाव जसेच्या तसे लिहू दिले. वहीत नावाने खाती ठेवणाऱ्या मुनीममंडळींना ते लगेच आपलेसे वाटले. पण या प्रणालीची खरी पकड बसली ती कीबोर्डमुळे. 'एफ ५' दाबले की पैसे दिल्याचे व्हाउचर उघडते, 'एफ ६'ला पैसे आल्याचे, 'एफ ७'ला जर्नल नोंद, 'एफ ८'ला विक्री, 'एफ ९'ला खरेदी. मुरलेला हिशेबनीस माउसला हात लावत नाही. तिरुपूरमध्ये कापड रंगवून देणाऱ्या एका कारखान्यात मी अशा हिशेबनिसाशेजारी तासभर बसलो होतो. त्याची नजर सारा वेळ बिलांच्या गठ्ठ्यावर होती. पडद्याकडे तो क्वचितच पाहत होता. नोंदी बोटे करत होती.

हे कौशल्य फोनवर नेता येत नाही, कारण फोनला फंक्शन की नाहीत. अक्षरांची पाटी उघडली की निम्मा पडदा झाकला जातो. ग्राहकाचे नाव, मालाचा एचएसएन क्रमांक, कराचा दर, नग, भाव, सूट अशा दहाबारा रकान्यांचे बिल अंगठ्याने भरायला जो वेळ लागतो, त्यात त्या हिशेबनिसाची टेबलावर पाचसात बिले सहज होतील. म्हणून त्याने फोनवर बिल करण्याचा प्रयत्न चारदोन दिवसांतच सोडून दिला होता. त्याच्या मालकाला मात्र फोन हवा होता. मालक टेबलाशी बसत नाही. त्याला संध्याकाळी एवढेच कळायला हवे असते की कुणाकडून किती येणे आहे, गोदामात माल किती आहे आणि बँकेत शिल्लक काय आहे. पूर्वी हिशेबनीस संगणकाच्या पडद्याचे छायाचित्र काढून ते व्हॉट्सअ‍ॅपवर मालकाला धाडी. भारतातील हिशेब प्रणालीची पहिली 'मोबाइल आवृत्ती' हीच, असे मी गमतीने म्हणत असतो. कोणत्याही अभियंत्याच्या मदतीशिवाय हिशेबनिसांनी ती तयार केली होती. कंपन्या त्याच वाटेने मागाहून आल्या. २०२० च्या टॅलीप्राइममध्ये अहवाल ब्राउझरमधून पाहण्याची सोय झाली, २०२३ च्या आवृत्तीत बिले थेट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येऊ लागली. नोंद टेबलावर करायची, पाहणे आणि मंजुरी देणे मात्र हातातल्या फोनवर. अशी ही विभागणी गरजेतून घडत गेली.

ही विभागणी ज्याच्याकडे टेबल आहे त्याच्यापुरती झाली. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, ग्रामीण कुटुंबांपैकी अवघ्या ४.४ टक्के आणि शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. खेड्यातला किराणा दुकानदार, रस्त्याकडेचा टायर दुरुस्त करणारा, घरगुती शिवणकाम करणारी बाई यांच्या आयुष्यात संगणकाचे टेबल कधी आलेच नाही. ते उधारीच्या वहीवरून थेट फोनवर आले. त्यांच्यासाठी फोन हीच पहिली आणि एकमेव खातेवही आहे. तिच्यात सगळे काम झाले पाहिजे. एकाला टेबलापासून सुटका हवी आहे, दुसऱ्याकडे टेबल नव्हतेच. या दोघांसाठी एकच अ‍ॅप लिहिले की पहिल्याला ते तोकडे पडते आणि दुसऱ्याला अगम्य वाटते. हा प्रश्न आपल्याकडे कुणाला सुचला नव्हता असेही नाही. भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि बेंगळुरूच्या अभियंत्यांनी २००१ मध्ये 'सिम्प्युटर' हे हातात मावणारे यंत्र मांडले तेव्हा त्यांच्यासमोर हाच टेबल नसलेला माणूस होता. स्थानिक भाषेत वाचून दाखवण्याची सोय आणि एकच यंत्र अनेकांना वापरता यावे म्हणून प्रत्येकाचे स्वतंत्र स्मार्टकार्ड, अशी ती कल्पना होती. बाजारात ते चालले नाही. मात्र यंत्र सामायिक असू शकते आणि ओळख व्यक्तीची असते, हा त्यातला विचार आजच्या बहुतेक सरकारी अ‍ॅपांत आढळत नाही.

सरकारला हे अजिबात जमत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. माझ्या मते चांगले उदाहरण ई-वे बिलाचे आहे. १ एप्रिल २०१८ पासून ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेताना ते लागते. या बिलाचे दोन भाग आहेत. 'अ' भागात माल, किंमत, कर आणि घेणाऱ्या-देणाऱ्याचा तपशील असतो. 'ब' भागात वाहनाचा क्रमांक. 'अ' भाग व्यापाऱ्याच्या कचेरीत, बीजक समोर ठेवून भरायचा. 'ब' भाग ट्रक दाराशी लागल्यावर भरायचा आणि त्यासाठी अ‍ॅप आहे, नोंदणी केलेल्या क्रमांकावरून साध्या एसएमएसचीही सोय आहे. वाटेत ट्रक नादुरुस्त झाला, माल दुसऱ्या गाडीत चढवला, तर 'ब' भागात नवा क्रमांक भरला की पुरे. बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते आणि ती संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत वाढवून घेता येते. मुदत टळली आणि तपासणीत गाडी अडवली गेली तर करपात्र मालावर कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. रात्री दोन वाजता महामार्गावर आस तुटलेल्या ट्रकशेजारी उभ्या असलेल्या माणसाला कोणत्या दोन गोष्टी करता आल्या पाहिजेत, याचा कुणीतरी बसून विचार केला होता, हे या रचनेत जाणवते. संपूर्ण प्रणाली त्याच्या फोनमध्ये कोंबलेली नाही. त्याच्या वाट्याचा तुकडा तेवढा वेगळा काढला आहे. जून २०२० पासून ज्यांचा महिन्याचा व्यवहार शून्य आहे त्यांना जीएसटीचे '३-ब' विवरणपत्र एसएमएसने भरता येऊ लागले, तेही याच जातीचे शहाणपण. त्यासाठी स्मार्टफोनही लागत नाही.

याच करव्यवस्थेत फोनची दुसरी बाजूही दिसते. जीएसटी सुरू झाला तेव्हा असंख्य छोट्या व्यापाऱ्यांची नोंदणी कर सल्लागारांनी करून दिली आणि घाईत मोबाइल क्रमांक व ईमेल स्वतःचाच घातला. टेबलावरच्या संगणकाच्या हिशेबाने त्यात काही वावगे नव्हते. काम सल्लागाराच्याच संगणकावर व्हायचे होते. पण खात्याची किल्ली आता फोनवर येणाऱ्या सहा अंकांत होती. सल्लागाराशी बिनसले की व्यापारी आपल्याच खात्याबाहेर. तक्रारी इतक्या आल्या की कर अधिकाऱ्याकडे कागदपत्रे देऊन क्रमांक बदलून घेण्याची पद्धत २०१८ मध्ये जाहीर करावी लागली. पुढे १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल आणि ई-बीजकाच्या संकेतस्थळांवर सर्वच करदात्यांना पासवर्डखेरीज ओटीपीही सक्तीचा झाला. सुरक्षेच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. पण मोरबीच्या टाइल कारखान्यात माल लादणारा कारकून ट्रक तयार ठेवून बसतो आणि मालक लग्नाला गेलेला असतो, त्याचा फोन लागत नाही. तेव्हा सगळे खोळंबते. उपाय प्रणालीतच आहे. कारकुनाला उपवापरकर्ता म्हणून जोडले की त्याच्या स्वतःच्या फोनवर त्याचा ओटीपी येतो आणि त्याने काय केले याची नोंद त्याच्याच नावावर राहते. पण ही सोय असल्याचे त्याला कुणी सांगितलेले नसते. आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे चित्रफितीचा दुवा पाठवणे, अशी समजूत रूढ झाली आहे.

व्यापाऱ्याचे निदान एवढे तरी आहे की तो सल्लागार बदलू शकतो, चिडून संघटनेमार्फत दिल्लीला पत्र धाडू शकतो. हीच कहाणी रोजगार हमीच्या मजुरापर्यंत पोचते तेव्हा तिचे रूप पालटते. मनरेगाच्या हजेरीची जुनी रीत अशी होती: गटाच्या कचेरीतील संगणकातून छापलेला मस्टर कामावर जाई, तेथे हजेरी मांडली जाई, आठवडा संपला की तो कागद परत येई आणि पगारी डेटा एंट्री ऑपरेटर तो टेबलावरच्या संगणकात भरी. या रीतीत घोटाळे होत, खोटी नावे घुसत, हे नाकारण्याचे कारण नाही. त्यावर उपाय म्हणून मे २०२१ मध्ये 'एनएमएमएस' हे अ‍ॅप आले. २० किंवा अधिक मजूर असलेल्या कामांवर २०२२ मध्ये आणि १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामे वगळता सर्वत्र ते सक्तीचे झाले. दिवसातून दोनदा, वेळ आणि ठिकाण नोंदवणारे मजुरांचे छायाचित्र काढून चढवायचे, असा नियम.

वरवर पाहता ही केवळ हजेरीची जागा बदलणे होते. प्रत्यक्षात ऑपरेटरचे काम कामावरच्या मेटकडे गेले. मेट म्हणजे मजुरांवर देखरेख करणारी, बहुधा त्यांच्यातलीच एक व्यक्ती. अनेक ठिकाणी ती स्त्री असते. ऑपरेटरला खुर्ची होती, वीज होती, कचेरीचे इंटरनेट होते आणि मस्टरवरचे आकडे पुन्हा तपासून पाहण्याइतका वेळ होता. मेटकडे बहुधा स्वतःचा किंवा घरातल्या कुणाचा फोन असतो, त्यात स्वतःच्या पैशाने भरलेला डेटा असतो, आणि डोंगराआड असलेल्या तळ्याच्या कामावर सिग्नल नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा मोबाइल फोन असलेल्या स्त्रिया ५४ टक्के होत्या. हा आकडा कोणत्याही फोनचा आहे, स्मार्टफोनचा नव्हे.

याहून मूलभूत विसंगती कामाच्या स्वरूपातच होती. मनरेगातील मजुरी अनेक राज्यांत कामाच्या मापावर ठरे. उन्हाळ्यात मजूर पहाटे येत, ठरलेले खोदकाम उरकत आणि ऊन चढण्याआधी घरी जात. दुपारच्या दुसऱ्या छायाचित्राने त्यांना एकतर तापत्या बांधावर बसवून ठेवले किंवा तीनचार किलोमीटर परत चालत यायला लावले. आठ तास कचेरीत बसणाऱ्याच्या हजेरीची कल्पना शेततळ्यावर लादली गेली. टेबलावरून फोनवर येताना टेबलाची गृहीतके अशी चोरपावलांनी सोबत येतात. छायाचित्र चढले नाही तर त्या दिवसाची मजुरी अडकते आणि दुरुस्तीसाठी जिल्हा कार्यक्रम समन्वयकापर्यंत, म्हणजे बहुधा जिल्हाधिकाऱ्यापर्यंत जावे लागते. एका दिवसाच्या मजुरीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन येण्यात दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडते.

इतके करून घोटाळा थांबला का? जुलै २०२५ मध्ये ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना परिपत्रक काढून कळवले की अ‍ॅपवर भलतीच छायाचित्रे चढवली जात आहेत, आधीच्या छायाचित्राचेच छायाचित्र काढले जात आहे, छायाचित्रातली माणसे आणि मांडलेली हजेरी यांचा मेळ बसत नाही. त्यावर उपाय काय सुचवला? ग्रामपंचायतीच्या पातळीवर प्रत्येक छायाचित्र माणसाने डोळ्यांनी तपासावे. म्हणजे टेबलावरचा जो माणूस काढून टाकला होता तो परत आणावा. या वेळी कागदाऐवजी छायाचित्रे चाळण्यासाठी.

महाराष्ट्रातील वाचकांना अंगणवाडी सेविकांचे २०२१ मधील आंदोलन आठवत असेल. दिलेले फोन निकृष्ट होते, त्यांची मुदत सरली होती आणि 'पोषण ट्रॅकर' अ‍ॅप इंग्रजीत होते. म्हणून हजारो सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. पुढे अ‍ॅप मराठीसह अनेक भाषांत आले. पण ते आधी सक्तीचे झाले आणि नंतर समजण्याजोगे झाले, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

याच काळात कंपन्यांसाठी जो नियम आला तो यासोबत ताडून पाहावा. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीच्या हिशेब प्रणालीत बदलांची नोंद ठेवणारी सोय असणे बंधनकारक झाले. नोंद केव्हा बदलली, काय बदलले, हे तिच्यात राहते आणि ती सोय बंद करता येत नाही. नियमाचा आशय सुज्ञ आहे. चूक होणारच, ती दुरुस्त करू द्या, पण दुरुस्तीचा माग ठेवा. कंपनीच्या हिशेबनिसाला सरकारने दिलेला हा विश्वास मेटला का मिळू नये? कोट्यवधींच्या उलाढालीतली नोंद हिशेबनीस आपल्या टेबलावर बसून बदलू शकतो आणि त्याचा माग राहतो. मजुराच्या एका दिवसाची नोंद बदलायला जिल्ह्याचा प्रमुख अधिकारी लागतो. तांत्रिकदृष्ट्या दोन्हींत काहीही अंतर नाही. मेटने केलेली दुरुस्ती तिच्या नावावर, वेळेसह आणि कारणासह ठेवणे अ‍ॅप लिहिणाऱ्याला अवघड जाऊ नये. तसे करायला कुणी सांगितले नाही, इतकेच.

भाषेचा प्रश्न केवळ पडद्यावरच्या शब्दांपुरता नाही. उत्तरेकडील कचेऱ्यांत वर्षानुवर्षे हिंदी मजकूर 'कृतिदेव' या फॉन्टमध्ये टंकित होत आला. महाराष्ट्रात 'श्रीलिपी'चे राज्य होते. या जुन्या फॉन्टांत देवनागरी अक्षर दिसते, पण संगणकाच्या लेखी तेथे रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात. तो फॉन्ट ज्या संगणकावर बसवला आहे तेथे सारे ठीक. तीच फाइल फोनवर उघडली की रोमन अक्षरांचा आणि कंसांचा खच पडतो. तहसीलदाराने आदेश व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि तलाठ्याला तो वाचता आला नाही, असे घडते ते यामुळे. मग त्या आदेशाचा कागद छापायचा आणि त्याचे छायाचित्र पाठवायचे. मजकूर वाचता येतो, पण शोधता येत नाही आणि अंध कर्मचाऱ्याच्या फोनला तो वाचून दाखवता येत नाही. युनिकोड येऊन तीन दशके उलटली आहेत. नव्या अ‍ॅपांवर कोट्यवधी खर्च करण्यापूर्वी जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणण्याचे रटाळ काम कुणीतरी करायला हवे, पण त्याचे उद्घाटन करता येत नाही ही अडचण आहे.

निविदांची भाषा वाचली की या साऱ्याचे मूळ सापडते. टेबलावरच्या प्रणालीच्या गरजा शेकडो कलमांत लिहिलेल्या असतात आणि शेवटी एका ओळीत म्हटलेले असते की प्रणाली मोबाइलवरही उपलब्ध असावी. कंत्राटदार ती अट सर्वांत स्वस्त मार्गाने पूर्ण करतो. तेच संकेतस्थळ अ‍ॅपच्या वेष्टनात गुंडाळतो. मग चौदा रकान्यांचा तक्ता बोटाने डावी-उजवीकडे ओढत बसावे लागते आणि फोन वाजला की भरलेला अर्ज पुसला जातो. या एका ओळीच्या जागी चार प्रश्न असायला हवेत. फोनवर नेमके कोणते काम करायचे आणि कोणते टेबलावरच राहू द्यायचे? फोन आणि डेटा कुणाच्या पैशाने? सिग्नल नसताना नोंद किती दिवस फोनमध्ये सुरक्षित राहील आणि तोवर कुणाची मजुरी किंवा माल अडणार नाही याची हमी काय? झालेली चूक कोण, किती वेळात, कोणत्या पातळीवर सुधारू शकेल? यांपैकी तिसरा आणि चौथा प्रश्न अभियंत्यांवर सोडण्याजोगे नाहीत. ते प्रशासनाचे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे शासननिर्णयात लिहिली गेली पाहिजेत.

आणि स्वीकृतीची चाचणी कुठे घ्यायची, तेही निविदेतच लिहावे. आज ती राजधानीतल्या सभागृहात, वायफायवर, नव्या कोऱ्या फोनवर होते. ती मे महिन्यात बांधावर, तीन वर्षे वापरलेल्या आणि काचेला तडा गेलेल्या फोनवर, ज्या बाईला तो रोज हाताळायचा आहे तिच्याच हातून घ्यावी; आणि तिने नापसंतीचा शेरा दिला तर कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता रोखून धरावा.